दोन नावांची पेशंट

प्रिय ईरा आणि अर्णव,

गेल्या शनिवारच्या कॉलवर ईरा, तू एक वाक्य बोललीस आणि लगेच अर्णवने आपला नवा कीबोर्ड दाखवायला कॅमेरा स्वतःकडे वळवला. तू इंग्रजीत बोललीस, मी मराठीत लिहिते: "बाबाने हॉस्पिटलमध्ये चुकीचं नाव सांगितलं म्हणून आजीचा आवाज असा झाला." तू हे रागाने म्हणाली नाहीस. बाहेर बर्फ पडतंय, हे सांगावं तसं म्हणालीस. तुझा बाबा मागे फ्रिजपाशी उभा होता. त्याने बाटली बाहेर काढली, परत आत ठेवली आणि तो खोलीतून गेला.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण माझा आवाज टेबलाएवढं अंतर जातो, सिंगापूर ते न्यू जर्सी जात नाही. तू "आजी, कान्ट हिअर यू" म्हणालीस आणि मी हात हलवला. म्हणून लिहायला बसले आहे. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तेव्हा इंग्रजीतही लिहिता आलं असतं. पण ही हकिगत आपल्या घरातली आहे आणि आपण घरात मराठी बोलतो. अडेल तिथे आई वाचून दाखवेल. बाबा घरात असेल तेव्हा वाचा, आणि मोठ्याने वाचा.

थकवा फार आहे. एका बैठकीत हे पुरं होणार नाही. कुठे तुटक वाटलं तर समजून घ्या.

तांदळातलं नाव

माझा जन्म झाला तेव्हा माझं नाव कुसुम ठेवलं. लग्न झालं त्या दिवशी ते शरयू झालं. तुम्हाला हे विचित्र वाटेल. आमच्या वेळी लग्नात ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, अशी पद्धत होती. सासरी एक कुसुम आधीच होती, आजोबांची काकू. एका स्वयंपाकघरात दोन कुसुम कशा चालतील? म्हणून आजोबांनी तांदळात शरयू लिहिलं. मला कोणी विचारलं नव्हतं. नाव मात्र आवडलं.

पुढे सगळे शरयू म्हणू लागले. पण पदवी कुसुमची होती, म्हणून नोकरी कुसुमला लागली आणि पासपोर्टही कुसुमचाच निघाला. जन्मतारखेचंही तसंच. शाळेत घालताना वय बसावं म्हणून वडिलांनी दाखल्यावर जून महिना लिहवला. प्रत्यक्षात मी गणपतीच्या सुमारास जन्मले. तुम्ही केक कापता तो खऱ्या तारखेचा.

आमच्या पिढीतल्या कितीतरी बायका अशा आहेत. कधी कोणाचं काही बिघडलं नाही, कारण आम्हाला ओळखणारी माणसं नावावरून ओळखत नव्हती.

आदल्या वर्षीचा दात

मी आजारी पडले त्याच्या आदल्या वर्षी तुमच्याकडे आले होते, तेव्हा दाढ सुजली. तुमची आई मला एका क्लिनिकमध्ये घेऊन गेली. तिने पासपोर्ट पुढे केला आणि मी तिथे कुसुम झाले, दाखल्यावरच्या जन्मतारखेसकट. त्यांनी पेनिसिलिनच्या जातीची गोळी दिली. घरी येऊन घेतली तर तासाभरात तोंड सुजलं, अंगभर गांधी उठल्या. परत धावलो. डॉक्टरने बजावलं, "हे औषध पुन्हा कधीही नाही," आणि कॉम्प्युटरमध्ये तशी लाल नोंद केली.

तुमचा बाबा तेव्हा कामासाठी टेक्सासला होता. सासूच्या दातदुखीचा तपशील जावयाला फोनवर कोण सांगतं? "आईंच्या दाताचं काहीतरी झालं होतं, आपल्या हॉस्पिटलच्याच क्लिनिकमध्ये दाखवलं, आता बरं आहे," एवढंच त्याला कळलं.

जानेवारीतली सकाळ

२०१४ चा जानेवारी. मला आठवडाभर खोकला होता. मी त्याला सर्दी म्हणत होते आणि आल्याचा काढा पीत होते. तुम्ही शाळेत गेलात. तुमची आई, माझी मुग्धा, पहाटेच कॅलिफोर्नियाच्या विमानात बसली होती. मी जिन्यापाशी आले आणि पुढची पायरी चढायला श्वासच पुरेना. बाबा घरून काम करत होता. माझ्या ओठांचा रंग बघून त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली.

न्यूमोनिया होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, ताप चढलेला, एक शब्द बोलता येत नव्हता. चाकांचा पलंग नोंदणीच्या काउंटरशेजारी उभा केला होता. बाबाने नाव सांगितलं, शरयू. जन्मतारीख सांगितली, केकवाली. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी त्याने मला कुसुम म्हणून हाक मारताना कोणाला ऐकलं नव्हतं. माझा पासपोर्ट घरी बॅगेत.

काउंटरवर आणखी काही बोलणं झालं. ते पुढे सांगते, कारण मलाही ते पुढेच आठवलं.

ते हॉस्पिटल आणि ते दाताचं क्लिनिक एकाच संस्थेचं, कॉम्प्युटरही एकच. पण कॉम्प्युटरने नाव आणि जन्मतारीख बघितली आणि ठरवलं की ही बाई नवीन आहे. माझ्या मनगटावर शरयूचा पट्टा बांधला. दुपारी नर्सने औषधाची पिशवी आणली. तिने पट्ट्यावर यंत्र धरलं, पिशवीवर धरलं, दोन्ही जुळलं, यंत्र समाधानाने वाजलं. ती मुलगी अगदी नियमाप्रमाणे वागली. तिच्या समोरच्या शरयूला कुठल्याच औषधाचं वावडं नव्हतं. ते कुसुमला होतं.

त्यानंतरचं मला एवढंच आठवतं की घसा आतून बंद होत गेला आणि कोणीतरी माझं डोकं मागे ओढलं.

नळी

जाग आली तेव्हा घशात नळी होती आणि मी ती ओढू नये म्हणून हातांवर जाड मोजे बांधले होते. अतिदक्षता विभागात दिवस आणि रात्र सारखेच असतात. दर पाळीला नवा चेहरा येई, पट्ट्यावर यंत्र धरी, यंत्र वाजे. मला त्या आवाजाची धडकी भरायची. वाजलं म्हणजे सगळं ठीक, असं त्यांना वाटतं, आणि मला आता ते खरं वाटत नव्हतं.

चांगलंही सांगते. जमैकाची एक नर्स होती, माझ्यापेक्षा थोडीच लहान. तिने माझे गुंतलेले केस सोडवून दोन वेण्या घातल्या आणि म्हणाली, "आता तुम्ही शाळेत जायला तयार." त्या खोलीत मला हसू आलं ते तेवढंच.

आई आल्यावर तिने कुसुम शोधायला लावली आणि दोन्ही नोंदी सापडल्या. मग माझं नाव बदललं. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावरचं शरयू पुसून कुसुम लिहिलं. नळी निघाल्यावर एक तरुण डॉक्टर रोज येऊन विचारी, "तुमचं नाव काय?" बोलता येत नव्हतं, म्हणून मी पाटीवर शरयू लिहायची. तो मान हलवून काहीतरी टिपून घ्यायचा. तुमच्या आईने चौकशी केली तेव्हा कळलं, पेशंटला स्वतःचं नाव आठवत नाही, गोंधळलेली आहे, अशी नोंद झाली होती. चाळीस वर्षं मी शरयूच होते, मुलांनो. अंगातली शुद्ध गेली तरी तेच नाव तोंडी येणार.

कॉरिडॉर

ईरा, आई विमानतळावरून येताना तुला घेऊन हॉस्पिटलात आली. मी तेव्हा शुद्धीवर नव्हते. कॉरिडॉरमध्ये काय झालं ते तुझ्या आईनेच मला नंतर रडत सांगितलं.

"तू शरयू का सांगितलंस?"

"मग काय सांगू? त्यांचं नावच ते आहे!"

"पासपोर्टवर कुसुम आहे, अजित!"

"मला कसं माहीत असणार? पंधरा वर्षांत कोणी सांगितलं मला?"

"ॲलर्जी तरी सांगायचीस!"

यावर बाबा काही बोलला नाही, असं आई म्हणाली. तू ते ऐकलंस. अकरा वर्षांच्या मुलीने अशा भांडणातून जो अर्थ काढावा तोच तू काढलास. आई दमलेली होती, घाबरलेली होती, तिला कोणावर तरी ओरडायचं होतं. हॉस्पिटलवर ओरडता येत नव्हतं, कारण मी त्यांच्याच हातात होते. नवरा समोर होता.

त्यानंतर तुमच्या घरात काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बाबा शनिवारच्या कॉलला बसेनासा झाला. मागून जातो, हात करतो, कधी तेवढंही नाही.

न मागितलेली माफी

मला घरी सोडायच्या आधी दोन माणसं भेटायला आली. एक डॉक्टरीणबाई आणि एक सूट घातलेली बाई. डॉक्टरीणबाई माझ्या पलंगाच्या कडेला बसली, माझा हात धरला आणि बोलायला सुरुवात केली, "आमच्याकडून..." सूटवाल्या बाईने हलकेच खाकरून वाक्य स्वतःकडे घेतलं. "तुम्हाला असा अनुभव आला याचं आम्हाला फार वाईट वाटतं." आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली बाई मी. त्या वाक्यात कोणीच काही केलेलं नव्हतं.

नंतर समजलं की तिथे वकिलांची भीती असते. चूक कबूल केली तर कोर्टात ती पुरावा म्हणून वापरली जाईल, म्हणून चांगली माणसंही तोंड मिटून बसतात. मला कोर्ट नको होतं. मला एवढंच हवं होतं की त्या डॉक्टरीणबाईला तिचं वाक्य पूर्ण करू द्यावं.

आणखी एक गोष्ट मी तिथे शिकले. एवढ्या मोठ्या, एवढ्या शिकलेल्या देशात माणसाला सगळ्या दवाखान्यांत चालेल असा एक क्रमांक नाही. प्रत्येक संस्थेचा स्वतःचा. असा क्रमांक द्यावा अशी चर्चा वर्षानुवर्षं चालली आहे आणि सरकारला आपली सगळी माहिती कळेल या धास्तीने ती अडली आहे. धास्ती मला समजते. पण मग यंत्राने ओळख पटवायची ती नावावरून आणि तारखेवरून. नावं काय फक्त अमेरिकेतल्याच पद्धतीची असतात? तुमच्या गल्लीतच बघा. चिनी माणसं आडनाव आधी लावतात, तमिळ माणसाला आडनावच नसतं, आणि आमच्यासारख्या बायकांचं लग्नात नाव बदलतं.

बिलं मात्र दोघींची एका लिफाफ्यात आली. पत्ता एकच आहे, म्हणजे बाईही एकच, हे बिलाच्या खात्याला आपोआप कळलं होतं.

क्लेमेंटी

निखिलमामा मला न्यायला आला. विमानात मी जवळपास सगळा वेळ झोपले. सिंगापूरला, क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये माझी खोली तशीच होती, खिडकीखाली त्याच बस. निखिल रॅफल्स प्लेसला ऑफिसात जाई आणि दुपारी फोन करी. मी फोन उचलून रिसीव्हरवर बोटाने टकटक करायची. एकदा टकटक म्हणजे बरी आहे.

इथल्या डॉक्टरांनी कॅमेरा घालून घसा बघितला. घाईघाईत नळी घालताना एका बाजूच्या स्वरतंतूला इजा झाली होती. तो हलत नव्हता. स्पीच थेरपिस्ट एक चिनी मुलगी होती, पासिर रिसहून रोज तासभर एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, यायची. मी कुजबुजले की रागवायची. "आंटी, नो व्हिस्पर लाह! कुजबुजून घसा जास्त दमतो." तिच्याबरोबर मी ए, ऊ, ओ असं बालवाडीसारखं म्हणत बसायची.

इथे सगळं सुरळीत आहे असं समजू नका. वाट बघणं इथेही संपत नाही. एकदा घसा तपासायला ठेवून घेतलं तेव्हा शाकाहारी म्हणून सांगूनही ताटात मासा आला. मी बोट दाखवलं, तर वाढणारी बाई समजुतीने म्हणाली, "आंटी, धिस वन फिश, नॉट मीट." पण माझ्या इथे राहण्याच्या पासवर एक क्रमांक आहे आणि कुठेही गेलं तरी तोच विचारतात. मी आपणहून दोन्ही नावं आणि दोन्ही जन्मतारखा सांगते. काउंटरवरच्या मुली वैतागतात. वैतागू देत.

अशाच एका काउंटरवर, मुलीने कॉम्प्युटरकडे बघतच विचारलं, "यू कम हिअर बिफोर?" इथे आधी आला होतात का? मी खुर्ची शोधून बसले. तो प्रश्न मी ऐकला होता. मास्कखाली, पलंगावर, त्या जानेवारीत. आणि त्याचं उत्तर देणारा आवाज अजितचा होता.

त्यानंतर सगळं हळूहळू जागेवर आलं. मी लगेच कोणाला सांगितलं नाही. तापातली आठवण आहे, खरी आहे की मनानेच रचली, याची खात्री नव्हती.

बाबा आला होता

या वर्षी बाबा कामासाठी दोन दिवस सिंगापूरला आला होता, हे तुम्हाला माहीत आहे. तो मला आमच्या हॉकर सेंटरला, छपराखालच्या खाऊगल्लीत, घेऊन गेला. दुपारची गर्दी ओसरली होती. माझा आवाज ऐकू यावा म्हणून तो समोर न बसता शेजारी बसला.

"आई, चहा गोड आहे, चालेल ना?"

"अजित, त्या दिवशी काउंटरवर तुम्ही काय बोललात ते मी ऐकलं होतं."

त्याने चमचा खाली ठेवला.

"तुम्ही म्हणालात, ॲलर्जीचं मला माहीत नाही, पण यांना तुम्हीच मागच्या वर्षी तपासलंय. दाताचं काहीतरी होतं. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बघा. ती बाई म्हणाली, या नावाचं कोणी नाही. तुम्ही म्हणालात, असणारच, पुन्हा बघा."

"मी असं म्हणालो?" त्याने चमचा पुन्हा उचलला. मग हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "आई, मला बरं वाटावं म्हणून सांगताय तुम्ही."

"मग पुढचं सांगू? तुमचा आवाज चढला. ती बाई म्हणाली, सर, तुम्ही शांत व्हा. आणि दारातला गणवेशवाला जवळ येऊन उभा राहिला."

तुमच्या बाबाचा चेहरा मी इतकी वर्षं बघते आहे. असा कधी बघितला नव्हता.

"हे मी कोणालाच सांगितलं नाहीये," तो म्हणाला. "मुग्धालासुद्धा नाही. तो माणूस बाजूला उभा राहिला आणि मी गप्प बसलो, आई. वाटलं, आता आणखी बोललो तर मला बाहेर काढतील आणि तुम्ही आत एकट्या राहाल. म्हणून सॉरी म्हटलं. मी त्या बाईला सॉरी म्हटलं! तिसऱ्यांदा विचारलं असतं तर..."

"तर बाहेर काढलं असतं."

"कदाचित बघितलंही असतं."

"कदाचित," मी म्हणाले. खोटं बोलण्याचं वय राहिलेलं नाही. "पण अहो, दोनदा विचारलेल्या माणसाला तिसऱ्यांदा विचारायची पाळी का यावी?"

आमचा चहा गार झाला होता. उठून त्याने दुसरा आणला. परत आला तेव्हा डोळे धुऊन आला होता.

मी त्याला म्हणाले, हे मुग्धाला सांगा. तो म्हणाला, सांगेन. शनिवारच्या कॉलवरून कळलं की त्याने सांगितलेलं नाही. कदाचित त्याला कधीच जमणार नाही. स्वतःचीच बाजू मांडणं काही माणसांना जमत नाही. म्हणून मी मांडते आहे.

तर ईरा

तुझ्या बाबाने चुकीचं नाव सांगितलं नाही. तो मला ज्या नावाने ओळखतो ते सांगितलं, आणि ते खरं आहे. त्याला ॲलर्जी माहीत नव्हती, पण कुठे शोधायची ते माहीत होतं आणि त्याने तेही सांगितलं, दोनदा. ज्यांनी शोधायची त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि नाव-तारीख जुळली नाही तर पडद्याला नाही म्हणायला शिकवलेलं होतं. त्या बाईचाही मला राग नाही. तिच्यासमोर रांग होती. अशा चुका एका माणसाच्या नसतात, आणि म्हणून त्या कोणाच्याच मानल्या जात नाहीत. मग घरातलं कोणीतरी ती चूक उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतं. आपल्या घरात ती तुझ्या बाबाने घेतली.

मोठी झालीस की तूही कधीतरी अशा काउंटरसमोर उभी राहशील, आईसाठी किंवा बाबासाठी. कोणी शांत हो म्हणालं तर शांत हो, पण तिथून हलू नकोस. आणि तुझ्यामागे कोणी अडून उभं असलं तर त्याच्याही बाजूने बोल. त्या दिवशी तिथे बसलेल्या इतक्या माणसांतून एकाने जरी म्हटलं असतं, "अहो, बघा ना पुन्हा," तर पुरलं असतं.

हे वाचून झालं की बाबाला कॉलसमोर बसव. काही बोलू नका. नुसतं बसव.

माझं विचाराल तर, डावा स्वरतंतू गेला, तो आता येणार नाही. जिना चढताना दम लागतो. गाणं म्हणता येत नाही. उजवा स्वरतंतू चांगला आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे. कान उत्तम आहेत.

तुमची,
आजी